सुरक्षेच्या कारणावरून स्मार्टफोन परत मागवला जातो तेव्हा: ग्राहकाने काय करावे आणि उत्पादकावर काय ओढवते

विकलेला फोन कंपनीने सुरक्षेच्या कारणावरून परत मागवला, म्हणजेच त्याचा रिकॉल जाहीर केला, की ग्राहकापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो: बदली फोन घ्यावा की पैसे परत घ्यावेत? दोष नेमका कशामुळे निर्माण झाला हे कंपनीने जाहीर केलेले नसेल, तर त्याच मॉडेलचा बदली फोन घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पैसे परत मिळत असतील तर ते घ्यावेत, नाहीतर वेगळे मॉडेल मागावे. हे मत २०१६ च्या सॅमसंग गॅलक्सी नोट ७ प्रकरणावर आधारलेले आहे, आणि खाली दिलेली बहुतेक पथ्येही त्याच प्रकरणातून निघालेली आहेत.

गॅलक्सी नोट ७ हा फोन २ ऑगस्ट २०१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये सादर झाला आणि १९ ऑगस्टपासून अमेरिका, दक्षिण कोरिया व आणखी काही देशांत विक्रीला आला. थोड्याच दिवसांत फोन तापून पेटल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. २ सप्टेंबरला कंपनीच्या मोबाइल विभागाचे प्रमुख कोह डोंग-जिन यांनी सोलमध्ये विक्री थांबवल्याचे आणि तोपर्यंत बाहेर पडलेले सुमारे २५ लाख फोन बदलून देण्याचे जाहीर केले. त्या दिवसापर्यंत कंपनीकडे जगभरातून ३५ घटनांची नोंद झाली होती. भारतात हा फोन ५९,९०० रुपये किमतीला जाहीर झाला होता आणि त्याची विक्री नेमकी २ सप्टेंबरलाच सुरू व्हायची होती, ती झालीच नाही. इतरत्र ग्राहकांनी फोन बदलून घेतले, आणि पाच आठवडेही होतात न होतात तोच बदलून दिलेले फोनही पेटू लागले. ५ ऑक्टोबरला अमेरिकेतील लुईव्हिल येथे उड्डाणाच्या तयारीत असलेल्या साउथवेस्ट एअरलाइन्सच्या विमानात अशाच एका बदली फोनमधून धूर निघाला आणि सर्व प्रवाशांना खाली उतरवावे लागले. ११ ऑक्टोबरला सॅमसंगने या मॉडेलचे उत्पादन कायमचे बंद केले.

सूचना खरी आहे का, आणि आपला फोन तीत येतो का

रिकॉलची बातमी पसरली की तिच्या पाठोपाठ खोटे संदेशही पसरतात, म्हणून पहिली पायरी खातरजमेची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावर जाऊ नये; कंपनीचे अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडून तेथे सूचना शोधावी, किंवा फोनच्या खोक्यावर छापलेल्या ग्राहकसेवा क्रमांकावर विचारावे. खऱ्या रिकॉलमध्ये कंपनीला मॉडेल, आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि खरेदीचा पुरावा एवढीच माहिती लागते. ओटीपी, यूपीआय पिन किंवा कार्डाचा तपशील कोणी मागितला, किंवा ‘परताव्यासाठी आधी थोडी रक्कम भरा’ असे कोणी सांगितले, तर तो संदेश फसवणुकीचा आहे असे समजून तेथेच थांबावे.

फोनच्या डायलपॅडवर *#०६# दाबल्यावर आयएमईआय दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात आणि दोन्ही लिहून ठेवावेत. फोन बंद असेल किंवा बंद ठेवण्याची सूचना असेल, तर केवळ क्रमांक पाहण्यासाठी तो सुरू करू नये, कारण तोच क्रमांक खोक्यावरच्या चिकटपट्टीवर आणि बहुधा बिलावरही असतो. रिकॉल नेहमीच संपूर्ण मॉडेलचा असतो असे नाही. पुष्कळदा तो ठरावीक काळात किंवा ठरावीक पुरवठादाराच्या भागांनी बनलेल्या फोनांपुरता असतो. त्यामुळे मित्राचा तसाच फोन यादीत नाही म्हणून आपलाही नसेल, असे धरून चालता येत नाही.

भारतात अशा तपासणीचा मोठा अनुभव २००७ साली आला होता. त्या वर्षी १४ ऑगस्टला नोकियाने बीएल-५सी या बॅटरीबाबत सूचना काढली. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापण्याची शक्यता होती, आणि जगभरात अशा सुमारे १०० घटना कंपनीच्या कानावर आल्या होत्या. ही बॅटरी नोकियाच्या अनेक लोकप्रिय फोनांत असल्यामुळे देशभर घबराट उडाली आणि सेवाकेंद्रांपुढे रांगा लागल्या. मागचे झाकण काढून, बॅटरी हातात घेऊन, तिच्या पाठीवरचा २६ अक्षर-अंकी क्रमांक पडताळून पाहता येत होता, आणि बदलायची होती ती फक्त बॅटरी. आजच्या बहुतेक स्मार्टफोनची बॅटरी आत चिकटवून बंद केलेली असते. ती काढून पाहण्याचा प्रयत्न घरी कधीही करू नये, कारण लिथियम-आयन बॅटरी वाकली किंवा तिला अणकुचीदार हत्यार लागले, तर निर्दोष बॅटरीसुद्धा पेट घेऊ शकते.

परदेशातील नातेवाइकांनी आणलेल्या फोनांबाबत विशेष दक्षता घ्यावी. नोट ७ भारतात विकला गेला नसला, तरी अमेरिकेतून किंवा सिंगापूरहून येणाऱ्याच्या खिशातून तो येथे येऊ शकत होता. अशा फोनचा रिकॉल ज्या देशात खरेदी झाली त्या देशाच्या सूचनेप्रमाणे चालतो, आणि येथील सेवाकेंद्र तो स्वीकारीलच याची खात्री नसते. अशा वेळी खरेदीची पावती ज्याच्या नावावर आहे त्या नातेवाइकामार्फत त्या देशातील ग्राहकसेवेशी पत्रव्यवहार सुरू करावा आणि तोवर फोन बंद ठेवावा. त्या फोनला परत विमानात बसवून पाठवण्याचा विचार मात्र करू नये. त्याचे कारण पुढे येईल.

फोन हाताशी असताना घ्यायची काळजी

आपला फोन यादीत आहे असे कळताच चार्जिंग थांबवावे आणि सूचनेत तसे म्हटले असल्यास फोन ताबडतोब बंद करावा. ‘आजवर काही झाले नाही, पुढेही होणार नाही’ हा विचार येथे कामाचा नाही, कारण हे दोष दिसत नाहीत आणि बिघाड होण्याआधी फोन पूर्णपणे व्यवस्थित चालत असतो. उशीखाली, गादीवर, कपड्यांच्या कपाटात किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नये; फरशीवर किंवा ओट्याच्या दगडावर, पडदे आणि कागदपत्रांपासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवल्याने दोष नाहीसा होत नाही, उलट आत ओल धरते.

फोन फुगलेला दिसला, त्याचा पडदा चौकटीपासून उचलला गेला, गोडसर किंवा रसायनासारखा वास आला, अथवा बंद असतानाही तो गरम लागला, तर रिकॉलची वाट न पाहता त्याचा वापर थांबवावा. धूर निघू लागल्यास फोन हातात घेऊन बाहेर धावू नये. आधी माणसे दूर करावीत, शक्य असेल तर चार्जरचा वीजपुरवठा भिंतीवरच्या बटणावरून बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे. या बॅटरीचा धूर विषारी असतो, त्यामुळे तो हुंगत जवळ उभे राहणे धोक्याचे आहे. ज्वाळा शमल्यावर बॅटरी आतून थंड होणे आवश्यक असते, कारण विझल्यासारखी दिसणारी बॅटरी पुन्हा पेटू शकते. विमानातील कर्मचारीही याच कारणाने अशा उपकरणावर नंतर भरपूर पाणी ओततात.

माहिती काढून घेण्याच्या कामात बहुतेक लोक नकळत चूक करतात. फोन यूएसबी केबलने संगणकाला जोडला की माहितीबरोबर वीजही वाहू लागते, म्हणजे ज्या चार्जिंगला मनाई आहे तेच सुरू होते. म्हणून छायाचित्रे, संपर्क आणि व्हॉट्सअ‍ॅपचा साठा वाय-फायवरून, बॅटरीत शिल्लक असलेल्या चार्जवरच हलवावा, फोन दगडी पृष्ठभागावर ठेवून आणि स्वतः जागे व समोर असताना. आधीपासून क्लाउडवर साठा होत असेल तर फोन सुरू करण्याची गरजच उरत नाही. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप त्या फोनवरून काढून दुसऱ्या फोनवर नोंदवावीत, सिम काढावे किंवा ई-सिम हलवावे, आणि शेवटी गुगल खाते काढून फॅक्टरी रिसेट करावा. खाते न काढता फोन परत दिला, तर कंपनीला तो उघडता येत नाही आणि परतावा अडकतो. फोन बंदच ठेवण्याची स्पष्ट सूचना असेल, तर या साऱ्यापेक्षा ती सूचना श्रेष्ठ मानावी; दुसऱ्या उपकरणावरून खात्यात शिरून तो फोन दूरस्थपणे खात्यातून काढता येतो.

पैसे घ्यावेत की बदली फोन

नोट ७ च्या पहिल्या फेरीत ग्राहकांना परतावा आणि बदली असे दोन्ही पर्याय होते. कंपनीने तेव्हा सांगितले होते की सुमारे ९० टक्के ग्राहक पुन्हा नोट ७ च घेणे पसंत करत आहेत. फोन उत्तम होता, लोकांना तो आवडला होता आणि बदली फोनच्या पडद्यावर हिरव्या रंगाचे बॅटरीचे चिन्ह दाखवून कंपनी तो सुरक्षित असल्याचे सांगत होती. ग्राहकांच्या निवडीत मला काहीही गैर वाटत नाही. त्यांनी कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवला. पण तो शब्द अपुऱ्या तपासावर उभा होता, आणि तो कसा अपुरा होता हे पाहिल्याशिवाय माझ्या आग्रहाचे कारण कळणार नाही.

नोट ७ मध्ये दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्या होत्या. सुरुवातीचे पेटलेले फोन एकाच पुरवठादाराच्या, म्हणजे सॅमसंगच्याच समूहातील सॅमसंग एसडीआयच्या, बॅटरीचे होते. त्यावरून कंपनीने असा निष्कर्ष काढला की दोष त्या बॅटरीत आहे आणि दुसऱ्या पुरवठादाराची, म्हणजे अँपेरेक्सची, बॅटरी बसवली की प्रश्न मिटेल. पूर्ण तपासाचे निष्कर्ष २३ जानेवारी २०१७ रोजी सोलमध्ये जाहीर झाले, तेव्हा चित्र वेगळे निघाले. सुमारे ७०० अभियंत्यांनी २ लाख फोन आणि ३० हजार सुट्या बॅटऱ्या तपासल्या होत्या, आणि यूएल, एक्स्पोनंट व ट्यूव्ही ऱ्हाइनलँड या तीन बाहेरच्या संस्थांनीही स्वतंत्रपणे तपास केला होता.

पहिल्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात दोष होता. बॅटरीच्या आत धन आणि ऋण पट्ट्या एकावर एक गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये एक अतिशय पातळ विलगक पडदा असतो. हा सारा गुंडाळा एका पिशवीसारख्या आवरणात बसवलेला असतो. त्या आवरणात कोपऱ्यापाशी पुरेशी जागा सोडलेली नव्हती, त्यामुळे ऋण पट्टीचे टोक तेथे दबून वाकत होते. चार्ज होताना बॅटरी किंचित फुगते आणि रिकामी होताना आकसते. दबलेल्या टोकावर हा ताण पुन्हा पुन्हा आला की विलगक झिजून धन आणि ऋण पट्ट्या एकमेकींना भिडत होत्या.

दुसऱ्या बॅटरीत कोपरा ठीक होता, पण तिच्या धन पट्टीला जोडलेल्या धातूच्या पट्टीच्या अल्ट्रासॉनिक वेल्डिंगवर अणकुचीदार उंचवटे राहून गेले होते. ते उंचवटे वरची संरक्षक पट्टी आणि विलगक भेदून समोरच्या ऋण पट्टीपर्यंत पोहोचत होते, आणि काही बॅटऱ्यांत तर ती संरक्षक पट्टी लावलेलीच नव्हती. म्हणजे एकाच फोनमध्ये, दोन वेगळ्या कारखान्यांतून, दोन निराळ्या कारणांनी तोच परिणाम झाला होता. पहिल्या दोषाचा शोध घाईने पूर्ण झाला असे मानल्यामुळे दुसरा दोष ग्राहकांच्या हाती नव्याने पोहोचला.

म्हणून बदली फोन घेण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारावे: दोष कोणत्या भागात होता, तो कशामुळे झाला, बदली फोनमध्ये नेमके काय बदलले आहे, आणि कंपनीबाहेरच्या कोणत्या संस्थेने ते तपासले आहे? या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली तर बदली फोन घेण्यास हरकत नाही. ‘आपली सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ एवढेच उत्तर आले, तर पैसे मागावेत.

परताव्याची रक्कम बिलाप्रमाणे पूर्ण मागावी. आपल्याकडे जुना फोन देऊन नवा घेण्याची पद्धत रूढ आहे. अशा खरेदीत जुन्या फोनचे जे मूल्य बिलात वजा दाखवलेले असते तेही आपण दिलेल्या किमतीचाच भाग आहे, आणि ते परताव्यात धरले जाईल अशी लेखी हमी घ्यावी. फोन हप्त्यांवर घेतला असेल तर रिकॉल झाला म्हणून हप्ते आपोआप थांबत नाहीत, कारण कर्जाचा करार वित्तसंस्थेशी असतो. हप्ता चुकवला तर पतनोंद बिघडते. तेव्हा परतावा थेट कर्जखात्यात जमा करून घेण्यास सांगावे, वित्तसंस्थेला रिकॉलची प्रत पाठवावी आणि खाते बंद झाल्याचे पत्र हाती येईपर्यंत हप्ते भरत राहावे.

फोन परत कसा द्यावा

सदोष म्हणून परत मागवलेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मनाई आहे. नेहमीचे कुरिअर पुष्कळदा विमानाने जाते, त्यामुळे असा फोन स्वतः पाकिटात घालून पाठवणे बेकायदेशीरही ठरते आणि वाहून नेणाऱ्यांच्या जिवाशीही खेळ होतो. सॅमसंगने अमेरिकेतील ग्राहकांना त्यासाठी खास संच पाठवले होते: स्थिर वीज रोखणारी पिशवी, एकात एक बसणारी खोकी, आतून उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिक कागदाचे अस्तर, त्या अस्तराने हातांना खाज येऊ नये म्हणून हातमोजे, आणि हे पार्सल केवळ जमिनीवरून न्यावे अशी बाहेर छापलेली सूचना. कंपनीने असा संच दिला नाही, तर फोन अधिकृत केंद्रात स्वतः नेऊन द्यावा आणि तेथे आयएमईआय, तारीख, शिक्का व फोनच्या बाह्य अवस्थेची नोंद असलेली पोचपावती घ्यावी. देण्यापूर्वी फोनची, खोक्याची आणि बिलाची छायाचित्रे काढून ठेवावीत. भंगारवाल्याला किंवा ओल्या-सुक्या कचऱ्यात असा फोन कधीही देऊ नये.

प्रवास असेल तर विमान कंपनीची सूचना आधी पाहावी. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०१६ रोजी नोट ७ विमानात सुरू करणे वा चार्ज करणे टाळण्यास सांगितले होते. अमेरिकेच्या परिवहन विभागाने तर १५ ऑक्टोबरपासून हा फोन विमानात नेण्यासच बंदी केली. तो खिशात असो, सामानात असो किंवा बंद केलेला असो, अमेरिकेतून निघणाऱ्या व तेथे उतरणाऱ्या सर्व विमानांना ही बंदी लागू होती. तेव्हा मुंबईहून अमेरिकेला निघालेल्या प्रवाशालाही तो बरोबर नेता येत नव्हता.

रिकॉलकडे दुर्लक्ष करून फोन वापरत राहिल्यास तो पुढे आपल्या हातातच निरुपयोगी होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. नोट ७ साठी कंपनीने आधी बॅटरी ६० टक्क्यांपुढे चार्ज होऊ न देणारे अपडेट काढले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत चार्जिंग पूर्णपणे बंद करणारे अपडेट आणले. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात हे फोन मोबाइल नेटवर्कवरूनच तोडण्यात आले. अमेरिकेतील व्हेरायझन या मोबाइल सेवा कंपनीने सुरुवातीला ते शेवटचे अपडेट पाठवण्यास नकार दिला होता; सणासुदीच्या प्रवासात एखाद्याजवळ दुसरा फोन नसेल तर संकटात त्याचा संपर्क तुटेल, असे तिचे म्हणणे होते. ही अडचण खरी होती, आणि तिच्यावर उपाय ग्राहकाच्याच हातात आहे: रिकॉल कळताच एखादा साधा, पर्यायी फोन सुरू करून ठेवावा.

उत्पादकावर काय ओढवते

ग्राहकाने हेही समजून घ्यावे, कारण कंपनी कोणत्या दडपणाखाली बोलत आहे हे कळले की तिच्या सूचनांचा अर्थ नीट लावता येतो. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचा समभाग एका दिवसात सुमारे ८ टक्के घसरला. दुसऱ्याच दिवशी कंपनीने आपल्या तिमाही नफ्याचा आधी जाहीर केलेला अंदाज ७.८ लाख कोटी वॉनवरून ५.२ लाख कोटी वॉनवर आणला, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी पुढील दोन तिमाहींत आणखी सुमारे ३.५ लाख कोटी वॉनचा फटका बसेल असे सांगितले. मोबाइल विभागाचा त्या तिमाहीतील नफा १०,००० कोटी वॉनपर्यंत खाली आला. आदल्या वर्षी याच काळात तो २.४ लाख कोटी वॉन होता. परत आलेल्या फोनांची वाहतूक, साठवण, विक्रेत्यांचे हिशेब, जाहिरातींचा वाया गेलेला खर्च आणि सुटे भाग पुरवणाऱ्यांकडे पडून राहिलेला माल हे सारे या आकड्यांच्या मागे असते. लहान पुरवठादाराला हा धक्का पेलणे अवघड असते, कारण त्याने एका मॉडेलसाठी बनवलेला भाग दुसऱ्या कशात बसत नाही.

पैशांपेक्षा खोल हानी विश्वासाची होते, आणि तेथे कंपनी कोणाला काय सांगते हे निर्णायक ठरते. चीनमध्ये विकले गेलेले नोट ७ दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीचे असल्यामुळे सुरक्षित आहेत असे सॅमसंगने सुरुवातीला सांगितले आणि पहिल्या फेरीत तेथील केवळ १,८५८ फोन परत मागवले. ऑक्टोबरमध्ये मात्र तेथीलही सुमारे १ लाख ९१ हजार फोन परत मागवावे लागले, आणि आपल्याला कमी लेखले गेले ही भावना चिनी ग्राहकांत पसरली. अमेरिकेत आणखी एक गोंधळ झाला. तेथील कायद्याप्रमाणे धोक्याची माहिती मिळाल्यापासून २४ तासांत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला कळवणे बंधनकारक आहे आणि पुढील रिकॉल आयोगाबरोबर ठरवून जाहीर करायचा असतो. सॅमसंगने २ सप्टेंबरला बदलीची योजना स्वतःच घोषित केली आणि आयोगाचा अधिकृत रिकॉल १५ सप्टेंबरला आला. मधल्या काळात विक्रेत्यांना कायदेशीर बंदी लागू नव्हती आणि ग्राहकांनी नेमके कोणाचे ऐकावे हे स्पष्ट नव्हते. अधिकृत रिकॉलच्या दिवशी अमेरिकेतून ९२ फोन तापल्याची नोंद होती. दुसऱ्या रिकॉलमध्ये, १३ ऑक्टोबरला, तेथील फोनांची व्याप्ती १० लाखांवरून १९ लाखांवर गेली.

तरीही या प्रकरणातील सॅमसंगची शेवटची कृती मला अनुकरणीय वाटते. कंपनीने कारण उघडपणे, आकृत्यांसह मांडले, बाहेरच्या तपासनिसांना बोलू दिले, आणि बॅटरीसाठी आठ टप्प्यांची तपासणी सुरू केली. जगभर विकल्या गेलेल्या सुमारे ३० लाख फोनांपैकी ९६ टक्के जानेवारी २०१७ पर्यंत परत आले होते, हे ग्राहकापर्यंत पुन्हा पुन्हा पोहोचल्याचे फळ आहे. त्यानंतर आलेला गॅलक्सी एस८ लोकांनी घेतला. परत आलेल्या व न वापरलेल्या सुट्या भागांतून, ३,५०० ऐवजी ३,२०० एमएएचची बॅटरी बसवून, जुलै २०१७ मध्ये कोरियात नोट ७ ची नवी आवृत्तीही मर्यादित संख्येत विकली गेली.

कंपनी दाद देत नसेल तर

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २० नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला चौकशीनंतर धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आणि खरेदीदारांना किंमत परत देण्याचा आदेश देण्याचा अधिकार आहे. एकट्या ग्राहकाने मात्र आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. पुष्कळ प्रकरणे या टप्प्यावरच मार्गी लागतात.

तेथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, आणि ग्राहक स्वतः जेथे राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्यात ती दाखल करता येते. म्हणजे सांगलीच्या ग्राहकाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी जाण्याचे कारण नाही.

तक्रार लिहिताना दोन मागण्या वेगळ्या मांडाव्यात. फोनची किंमत परत मागणे ही सदोष वस्तूची तक्रार आहे. फोन पेटल्यामुळे झालेली भाजणे, उपचाराचा खर्च, जळालेले घरसामान ही उत्पादन दायित्वाची मागणी आहे, आणि कायद्याच्या त्या प्रकरणातील ‘हानी’ या संज्ञेत खुद्द त्या वस्तूचे नुकसान धरलेले नाही. दोन्ही गोष्टी एकत्र कालवल्या की एक मागणी दुसरीच्या आड हरवते. फोनमध्ये बाहेरून स्वस्त बॅटरी बसवली असेल किंवा तो अनधिकृत ठिकाणी उघडला असेल, तर वस्तूत बदल केल्याचा बचाव कंपनीला कायद्याने उपलब्ध होतो, म्हणून दुरुस्तीच्या सर्व पावत्या तक्रारीसोबत जोडाव्यात. फोन जळाला असेल तर त्याचे अवशेष कंपनीच्या प्रतिनिधीकडे सोपवण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत, अग्निशमन दलाचा किंवा पोलिसांचा अहवाल आणि डॉक्टरांचे कागद घ्यावेत, आणि अवशेष दिले तर लेखी पोच घेऊनच द्यावेत, कारण दोषाचा पुरावा त्यांच्यातच असतो.

तक्रारीला घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. कंपनीशी चाललेल्या ई-मेलच्या देवाणघेवाणीत ही मुदत सहज निघून जाते, म्हणून परतावा प्रत्यक्ष खात्यात जमा होईपर्यंत बिल, पोचपावती, हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक आणि रिकॉलच्या सूचनेची छापील प्रत एकत्र ठेवावी. सूचनेची प्रत पहिल्याच दिवशी काढून घ्यावी, कारण संकेतस्थळावरची पाने कंपनी पुढे बदलते किंवा काढून टाकते.